हरकतदार की हक्कदार

मराठी वर्तमानपत्राच्या वाचकाला महापालिकेचे एक वाक्य तोंडपाठ असते: अमुक प्रस्तावाबाबत नागरिकांकडून हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. आतल्या पानावर, बारीक टायपात, दोन निविदा आणि नाव बदलल्याची एक जाहिरात यांच्यामध्ये ते दबलेले असते. वाक्य विनम्र आहे, पण त्यात नागरिकाची जागा ठरवून टाकलेली आहे. प्रस्ताव तयार आहे, नकाशा काढून झाला आहे, खर्चाचा अंदाज मंजूर आहे. आता कुणाची काही हरकत असेल तर त्याने मुदतीत कळवावे. म्हणजे नागरिक या गोष्टीत शिरतो तोच मुळी हरकतदार म्हणून. शहरातल्या बागा आणि मैदाने यांच्या कारभारात त्याला याखेरीज आणखी दोन भूमिका मिळतात. एक म्हणजे दत्तक घेणाऱ्याची: पालिकेला देखभाल जमत नाही, तर तुम्ही करा. दुसरी म्हणजे फाटकावरची पाटी वाचून आत जाणाऱ्याची: फुले तोडू नयेत, हिरवळीवर चालू नये, सकाळी सहा ते दहा. विरोध करणारा, फुकट राबणारा आणि नियम पाळणारा अशी ही तीन माणसे आहेत. ठरवणारा त्यात कुठेच नाही. या विषयात शिरणाऱ्या वाचकासमोर मला एकच गोष्ट मांडायची आहे. उद्यानांच्या कारभारात आज जो काही लोकसहभाग आहे तो प्रशासनाच्या मर्जीवर उभा आहे, आणि मर्जीने मिळालेली गोष्ट मर्जीनेच जाते. तो टिकवायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, आणि तो आधार वाद पेटायच्या आधीच उभा असला पाहिजे.

बागेसारख्या किरकोळ गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणाला वाटेल. पण मोकळी जागा मुंबईसारख्या शहरात किरकोळ राहिलेली नाही. विकास आराखड्यासाठी महापालिकेने भूवापराची जी पाहणी केली, तिच्यावरून दरडोई मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास येते, म्हणजे एका माणसाने एक अरुंद सतरंजी अंथरावी एवढी. केंद्र सरकारची नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे दहा ते बारा चौरस मीटर सांगतात. टंचाई इतकी असली की प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर दहा जणांचा डोळा असतो: वाहनतळ, व्यायामशाळा, क्लब, समाजमंदिर, पुतळा, जलकुंभ, मेट्रोचे साहित्य ठेवण्याचे आवार. यांपैकी काही गरजा खऱ्याही असतात. रिकामा भूखंड हा या शहरात 'अजून काही न झालेला' भूखंड समजला जातो, आणि मैदान हे मैदान म्हणूनच पूर्ण आहे ही कल्पना फाइलीत टिकत नाही. त्यात कायद्याची रचनाही जुनी आहे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा 1888 चा; त्यात पालिकेची कर्तव्ये बंधनकारक आणि ऐच्छिक अशी विभागलेली आहेत. पाणी, मलनिःसारण, रस्ते यांना बंधनकारक कर्तव्यांत स्थान आहे, तर उद्याने आणि क्रीडांगणे ऐच्छिकात मोडतात. 74 व्या घटनादुरुस्तीने, जी 1 जून 1993 पासून अमलात आली, उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची सोय बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांमध्ये घातली. विषय पालिकेचा झाला, पण त्यात लोकांचे स्थान कोणते, हे मोकळेच राहिले.

ते मोकळे राहिल्याने काय होते हे पाहायला मुंबईतल्या दत्तक धोरणाचा इतिहास पुरेसा आहे. पालिकेने खासगी संस्थांना भूखंड देण्याचे दोन मार्ग काढले होते. दत्तक तत्त्वावर घेणाऱ्याने स्वखर्चाने बाग राखायची. काळजीवाहू तत्त्वावर घेणाऱ्याला मात्र त्या बदल्यात भूखंडाच्या काही हिश्श्यावर बांधकाम करता येई आणि ताबाही लांब मुदतीचा असे. 'काळजीवाहू' हा शब्द किती काळजीपूर्वक निवडला असेल! या मार्गाने काही मैदानांवर क्लब उभे राहिले, सभासदत्वाची फी आली, आणि ज्या मुलांसाठी ती जागा आराखड्यात राखली होती ती मुले फाटकाबाहेर राहिली. 2007 मध्ये या धोरणाची नवी आवृत्ती आली, ओरड झाली, आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी ती स्थगित केली. जानेवारी 2016 मध्ये पालिकेच्या महासभेने पुन्हा मोकळ्या जागांचे धोरण मंजूर केले. पुन्हा ओरड झाली, पुन्हा मुख्यमंत्र्यांची स्थगिती आली, आणि पूर्वी दिलेले 216 भूखंड परत ताब्यात घेण्याचे आदेश निघाले. आदेश एका दिवसात निघतो, भूखंड मात्र तसा परत येत नाही. त्यांतले काही परत यायला वर्षे लागली. सप्टेंबर 2023 मध्ये नवा मसुदा आला आणि पुन्हा हरकती व सूचना मागवण्यात आल्या. सोळा वर्षांत तीनदा तेच.

हा लोकांचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि एका अर्थी तो आहेच. जागरूक रहिवासी, काही पत्रकार, काही नगररचनाकार यांनी खूप काही वाचवले. पण प्रत्येक वेळी वाचवले गेले ते कशाने, हे पाहावे. महासभेने मंजूर केलेली गोष्ट मुख्यमंत्र्यांनी थांबवली. म्हणजे खालच्या पातळीवरची एक मर्जी वरच्या पातळीवरच्या मर्जीने खोडली. नागरिकाचा वाटा एवढाच की त्याचा आवाज त्या दिवशी पुरेसा मोठा होता. उद्या निवडणूक लांब असली, पाऊस असला, बातमीदाराची बदली झालेली असली, तर त्याच आवाजाला तीच किंमत मिळेल याची हमी कुठेच लिहिलेली नाही. शिवाय ओरडीला फक्त 'नको' म्हणता येते. मैदानाला कुंपण हवे की नको, प्रसाधनगृह कुठे असावे, संध्याकाळी दिवे किती वाजेपर्यंत असावेत, माळी किती हवेत, फुटबॉल खेळणारी मोठी मुले आणि पाळण्यावरची लहान मुले यांच्या वेळा कशा वाटाव्यात, हे ओरडून ठरत नाही. त्याला बसून बोलण्याची जागा लागते. ती नसल्यामुळे आपल्याकडे बागेविषयीचे बहुतेक सगळे निर्णय 'सुशोभीकरण' या एकाच शब्दाखाली होतात. सुशोभीकरण म्हणजे माती काढून पेव्हर ब्लॉक बसवणे, झाडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळणे, एक सेल्फी पॉइंट उभा करणे आणि त्या सर्वांवर नावांची फरशी लावणे. लोकांना विचारले असते तर कदाचित सावलीत चार बाकडी आणि चालू स्थितीतला एक नळ एवढेच मागितले असते. पण चार बाकड्यांची निविदा कोण काढणार?

महालक्ष्मी रेसकोर्सचे उदाहरण याहून बोलके आहे. ही 211 एकर जमीन सार्वजनिक मालकीची: काही राज्य सरकारची, काही महापालिकेची. तिथे शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला. तिथे काय व्हावे यावर दहा वर्षे चर्चा रेंगाळली, आणि अखेर 120 एकरांवर सार्वजनिक उद्यान आणि उरलेले क्लबकडे अशी विभागणी ठरली. उद्यान होणार ही गोष्ट वाईट नाही. मुंबईला सलग 120 एकर मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. पण जानेवारी 2024 मध्ये या योजनेवर मतदान झाले ते क्लबच्या सभासदांचे. सातशेच्या आसपास सभासदांनी मत दिले आणि मोठ्या बहुमताने योजनेला संमती दिली. खासगी संस्थेने आपल्या सभासदांना विचारले यात गैर काही नाही, ते तिने नियमाने केले. मात्र जमीन ज्यांच्या मालकीची त्या सव्वा कोटी लोकांच्या शहरात त्या वेळी नगरसेवकसुद्धा नव्हते. भाडेकरूला मत होते आणि मालकाला नव्हते, आणि या विसंगतीची बातमी फारशी झाली नाही. मालकाला कधी विचारलेच जात नाही, हे आपण इतके गृहीत धरले आहे.

आता याच महाराष्ट्रातले दुसरे टोक पाहू. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड गाव आहे. 1990 नंतर देशभर वनखात्याने 'संयुक्त वनव्यवस्थापन' सुरू केले. गावकऱ्यांनी समिती करायची, गस्त घालायची, वणवे विझवायचे. बदल्यात खाते त्यांना उत्पन्नाचा काही वाटा देईल. हा सहभाग सरकारी परिपत्रकाने आलेला होता, समितीवर शिक्कामोर्तब खात्याचे होते, आणि वाटा कधी, किती द्यायचा हेही खातेच ठरवी. शहरातल्या दत्तक बागेशी याचे साम्य सहज दिसेल. 2006 च्या वनहक्क कायद्याने चित्र बदलले. सामूहिक वनहक्काच्या तरतुदीखाली 2009 मध्ये मेंढा गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि त्याचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे आले. यानंतरही खाते लगेच वाकले असे नाही. बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्यांना गावात यावे लागले. हक्क कागदावर आला म्हणजे भांडण संपते, असा भाबडेपणा कुणी करू नये. पण भांडणाची जागा बदलते, हे महत्त्वाचे. आधी गावाने विनंती करायची आणि खात्याने उत्तर द्यायचे की नाही ते ठरवायचे. नंतर गावाकडे कायद्याचे कलम होते आणि खात्याला आपल्या नकाराचे कारण शोधावे लागत होते. गडचिरोलीतल्या एका लहान गावाला 1,800 हेक्टर जंगलाचा कारभार झेपेल असे मानणारा कायदा आपण करू शकतो, आणि दादर-परळच्या माणसाला दोन एकरांच्या मैदानाविषयी बोलण्याचे ठिकाण देऊ शकत नाही, याचे पटेल असे कारण मला सापडलेले नाही.

कारण शोधायचे तर घटनेतच जावे लागते. 73 व्या दुरुस्तीने खेड्यातल्या ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. गायरानाचे काय झाले, कुणी अतिक्रमण केले, कुणाला भाडेपट्ट्याने दिले, हे गावातला कोणीही मतदार ग्रामसभेत उभा राहून विचारू शकतो. उत्तर मिळेलच असे नाही. सभा कागदावर उरकल्या जातात, हेही ठाऊक आहे. पण उभे राहायला जागा आहे. 74 व्या दुरुस्तीने शहरांना तसे काही दिले नाही. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्या दिल्या, आणि महाराष्ट्राच्या कायद्यात त्या समित्या प्रामुख्याने नगरसेवकांच्याच आहेत. स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य त्यांवर घेता येतात, आणि त्यांची निवड नगरसेवकच करतात. पुढे 2005 मध्ये केंद्राचे नागरी पुनरुत्थान अभियान आले. त्याच्या निधीसाठी राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा अशी अट होती. महाराष्ट्राने 2009 मध्ये महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून 'क्षेत्रसभा' आणली. काही मतदान केंद्रांच्या टापूतील सर्व मतदारांची ती सभा, म्हणजे शहराची ग्रामसभाच. निधीची अट पूर्ण झाली आणि क्षेत्रसभा कायद्याच्या पुस्तकातच राहिली. आपल्या क्षेत्रसभेचे नाव मुंबई-पुण्यातल्या रहिवाशाला विचारून पाहावे. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची तारीख त्याला माहीत असेल, क्षेत्रसभा हा शब्दही त्याने ऐकलेला नसेल. पुण्याने 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली, हा चांगला अपवाद. पण त्यातही लहान कामांची सूचना करता येते. आपल्या टेकडीतून रस्ता जावा की न जावा, हा प्रश्न त्या अर्जाच्या रकान्यात मावत नाही. वेताळ टेकडीसाठी 2023 मध्ये पुणेकरांना रस्त्यावर उतरावे लागले ते म्हणूनच.

यावर सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात येणारा आक्षेप लोकप्रतिनिधींचा असतो. लोकांनी नगरसेवक निवडून दिले आहेत. निर्णय त्यांनी घ्यायचे. बागेगणिक सभा भरवल्या तर निवडणुकीला अर्थ काय? आक्षेप तत्त्वाला धरून आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. मुंबईत 227 नगरसेवक आहेत; 2011 च्या जनगणनेप्रमाणे एकेकाच्या वाट्याला पंचावन्न हजारांच्या आसपास माणसे येतात. एवढ्या लोकांच्या वतीने एक माणूस पाणी, कचरा, रस्ता, दवाखाना या सगळ्यांसह मैदानाविषयीही बोलतो, आणि पाच वर्षांतून एकदा मिळालेल्या मताला या सगळ्यांची संमती समजले जाते. लोकांनी मत देताना मैदानावर क्लब बांधायला संमती दिली होती, असे कोणताही नगरसेवक प्रामाणिकपणे म्हणणार नाही. शिवाय हा आक्षेप प्रतिनिधी अस्तित्वात आहेत असे धरून चालतो. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे घटनेच्या 243-यू या अनुच्छेदात स्पष्ट असूनही प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादांत वर्षे गेली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला, आणि मतदान झाले ते जानेवारी 2026 मध्ये. मधल्या जवळजवळ चार वर्षांत आयुक्तच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. मोकळ्या जागांचा 2023 चा मसुदा याच काळात आला, रेसकोर्सचा करारही याच काळात झाला. लोकप्रतिनिधींच्या नावाने लोकांना बाहेर ठेवायचे आणि लोकप्रतिनिधीही नसले तरी कारभार अडू द्यायचा नाही, असे दोन्ही एकाच वेळी करता येत नाही. ज्या शहरात नागरिकांच्या स्थानिक सभा जिवंत आहेत तिथे नगरसेवकांची खुर्ची रिकामी झाली तरी सगळेच दालन रिकामे होत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, आणि लोकसहभागाचे पुरस्कर्ते त्याला बहुधा बगल देतात. बागेच्या सभेला येतो कोण? सकाळी फिरायला येणारा निवृत्त अधिकारी, समोरच्या इमारतीतला डॉक्टर, इंग्रजीत अर्ज लिहू शकणारा वकील. त्याला बाग शांत हवी, स्वच्छ हवी, आणि त्याच्या मनातल्या स्वच्छतेत दुपारी बाकावर आडवा होणारा हमाल, भेळवाला, संध्याकाळी कोपऱ्यात बसलेले तरुण जोडपे आणि पलीकडच्या वस्तीतली क्रिकेट खेळणारी मुले बसत नाहीत. मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहते. तिला अंगण नाही, गच्ची नाही, म्हणून मैदानाची खरी गरज तिलाच. तरीही रहिवासी संघांच्या यादीत तिचे नाव क्वचितच दिसते. कुंपण, कुलूप, पहारेकरी आणि वेळापत्रक यांची मागणी अनेकदा 'नागरिकांनीच' केलेली असते. शिवाजी पार्कचे उदाहरण घ्या. आजूबाजूच्या रहिवाशांना आवाजाचा आणि धुळीचा त्रास होतो, तो खरा आहे. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने तिथे शांतता क्षेत्राचे निर्बंध लागू केले ते त्यांच्या तक्रारीवरूनच. पण तेच मैदान 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांचा निवारा असते, तेच राजकीय सभांचे, तेच पिढ्यान् पिढ्यांच्या क्रिकेटचे. शिवाजी पार्कचा कारभार फक्त शेजाऱ्यांच्या हाती दिला, तर विदर्भ-मराठवाड्यातून वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाचे काय? तोही त्या जागेचा नागरिकच आहे.

या आक्षेपातून सहभाग नको असा निष्कर्ष काढणारे चुकतात, कारण आजची अनौपचारिक पद्धत या बलदंड शेजाऱ्यालाच सर्वाधिक सोयीची आहे. त्याला आयुक्तांचा फोन नंबर माहीत असतो. नियम नसतो तिथे ओळख चालते. म्हणून सहभागाचे नियम लिहितानाच तो कुणाचा, हे लिहावे लागते: सभेची वेळ कामावरून परतणाऱ्याला जमेल अशी, सूचना मराठीत आणि वस्तीतल्या भिंतीवरही, महिलांसाठी जागा, मैदानावर खेळणाऱ्या संघांना जागा, तिथे पोट भरणाऱ्या फेरीवाल्याला जागा, आणि माळ्यालाही. रोज आठ तास बागेत असणाऱ्या माणसाला बागेच्या बैठकीत कुणी बोलावत नाही, ही आपल्या उद्यान खात्यांची एक गंमतच आहे. शिवाय काही गोष्टी स्थानिक बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवाव्या लागतील. प्रवेश सर्वांना मोकळा असणे ही त्यांतली पहिली. मैदान बंद करण्याचा ठराव शंभर टक्के रहिवाशांनी केला तरी तो चालू नये.

पैशाचा आणि वेळेचा आक्षेप त्या मानाने हलका आहे. देखभालीला पैसे नाहीत म्हणून दत्तक द्यावे लागते, हे म्हणणे एखाद्या नगरपालिकेच्या तोंडी शोभेल. 2025-26 साठी 74,427 कोटी रुपयांचे अंदाजपत्रक मांडणाऱ्या मुंबई महापालिकेच्या तोंडी नाही. रहिवाशांनी बाग उत्तम राखल्याची उदाहरणे आहेत, आणि ओव्हल मैदानाचे नाव त्यांत घ्यायलाच हवे. नव्वदच्या दशकात दुरवस्थेत गेलेले ते मैदान नागरिकांच्या संस्थेने न्यायालयापर्यंत जाऊन सावरले. पण राखणे आणि ठरवणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जो पैसे घालतो तोच ठरवणार असे एकदा झाले की ज्याच्याकडे पैसे नाहीत तो बागेत पाहुणा होतो. विचारत बसलो तर कामे रखडतील, हाही युक्तिवाद ऐकू येतो. न विचारता केलेली कामे किती लवकर होतात? मोकळ्या जागांचे धोरण 2007 पासून 2023 पर्यंत रखडले, आणि तेव्हाही नागरिकांना विचारले गेले ते मसुदा तयार झाल्यावर.

मग न्यायालये आहेतच की, असे शेवटी म्हटले जाते. आहेत, आणि त्यांनी केलेले कामही मोठे आहे. बंगळूरच्या राजमहल विलास विस्तारातला उद्यानासाठी राखलेला भूखंड मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आला, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालय ही लोकोपयोगी गोष्ट नाही असे कोण म्हणेल? तरीही 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच ठेवले, आणि उद्यानासाठी भांडण्याचा त्या परिसरातल्या नागरिकांचा अधिकार मान्य केला. लखनौच्या अमीनाबादेत झंडेवाला पार्कखाली पालिकेने एका बांधकाम कंपनीला भूमिगत बाजार बांधू दिला होता. 1999 मध्ये न्यायालयाने ते बांधकाम पाडून उद्यान पूर्ववत करायला सांगितले. सार्वजनिक जागा पालिकेकडे विश्वस्त म्हणून असते, हा विचार त्या निकालात ठळक आहे. पण या विजयांच्या तारखा पाहा. बंगळूरचे वाटप सत्तरच्या दशकातले, निकाल 1991 चा. जो मुलगा त्या भूखंडावर खेळला असता तो तोवर नोकरीला लागला असेल. आणि कधी न्यायालय वेळेवर असते, तरी तास हातातून निसटतात. मुंबईत आरेच्या मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्ध हजारो हरकती नोंदल्या गेल्या होत्या. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे पडलेली होती. त्या हरकतींचे काय झाले? त्या नोंदल्या गेल्या. 'नोंद घेण्यात आली' हे शासकीय मराठीतले सर्वांत सुरक्षित वाक्य आहे, आणि लोकसहभागाचे संरक्षण करायचे तर लढाई या वाक्याशी आहे.

त्यासाठी फार मोठी क्रांती लागत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम आजही सांगते की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित वस्तुस्थिती सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून प्रसिद्ध करावी आणि निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत. क्षेत्रसभेची तरतूद 2009 पासून पडून आहे. या दोहोंना बागेच्या फाटकापाशी आणून जोडले तरी खूप होईल. प्रस्ताव नकाशासह, निविदा निघण्याआधी, त्या जागेवरच लावला जावा. क्षेत्रसभेत तो मांडल्याशिवाय मंजुरी अपुरी मानली जावी. सूचना नाकारली तर नाकारण्याचे कारण लिहून द्यावे लागावे. मोकळ्या जागेचा वापर बदलणारा किंवा तिचा ताबा दुसऱ्याला देणारा कोणताही निर्णय प्रशासकाच्या काळात घेता येऊ नये. यांतल्या शेवटच्या अटीला प्रशासनाचा सर्वांत जास्त विरोध होईल असे मला वाटते, आणि तीच सर्वांत आधी मागावी असेही वाटते.

तोवर एक साधी पाहणी कुणालाही करता येईल. जवळच्या बागेच्या फाटकावर जावे आणि तिथे काय काय लिहिले आहे ते वाचावे. उद्घाटन कुणाच्या शुभहस्ते झाले, प्रमुख पाहुणे कोण होते, निधी कुणाच्या प्रयत्नांतून आला, आत काय करू नये, किती वाजता निघून जावे, हे सर्व संगमरवरावर किंवा पत्र्यावर मिळेल. देखभालीचा ठेका कुणाकडे आहे, किती रुपयांचा आहे, कधी संपतो, ही जागा आराखड्यात कशासाठी राखली आहे, ती कुणाला दत्तक दिली असल्यास कोणत्या अटींवर, आणि तिच्याविषयीची पुढची बैठक कधी आहे, यांपैकी एक ओळ तरी सापडते का ते पाहावे.